घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराला 'मोठ्यांचा' पिक्चर बघायचाय: सर्टिफिकेट कसं वाचायचं आणि गेटवर काय होतं

पंधरा-सोळा वर्षांचं कोणी घरात असलं की हे एकदा तरी होतंच. ग्रुपमधल्या सगळ्यांना एक पिक्चर बघायचाय, शो ठरलाय, कोणीतरी तिकिटं काढायच्या बेतात आहे आणि मग लक्षात येतं की पोस्टरच्या कोपऱ्यात ए लिहिलंय, किंवा आर, किंवा 18. पुढे दोनच गोष्टी होतात, एकतर पोरं "बघू, जमेल काहीतरी" म्हणत घरी न सांगता निघतात, नाहीतर आईबाबा "ए आहे ना, मग विषय संपला" म्हणून मोकळे होतात. त्या कोपऱ्यातल्या अक्षराचा नेमका अर्थ काय, ते कोणी दिलं, का दिलं आणि गेटवर त्याने नक्की काय अडतं हे दोघांपैकी कोणीच बघितलेलं नसतं. ते कसं बघायचं एवढंच इथे सांगतोय. आत घुसायच्या युक्त्या शोधत आला असाल तर त्यावरही बोलणार आहे, पण तुम्हाला हवं तसं नाही :)

वय नंतर बघा, आधी हे बघा

सगळे जण पहिल्यांदा आकडा बघतात, 13 की 16 की 18. माझं म्हणणं असं की आकड्याच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: सोबत मोठं माणूस असेल तर काही फरक पडतो का? कारण कुठल्याही देशाचं रेटिंग (म्हणजे ते कोपऱ्यातलं अक्षर किंवा आकडा) घ्या, ते साधारण तीन प्रकारांत मोडतं आणि खरा गोंधळ सगळा या तिघांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिला प्रकार नुसता सल्ला. म्हणजे रेटिंग देणारं बोर्ड सांगतंय की बाबांनो लहानांना हे जड जाईल, तुमचं तुम्ही ठरवा, गेटवर कोणी अडवणार नाही. अमेरिकेतलं पीजी आणि पीजी-13 असंच आहे (हो, पीजी-13 ला बारा वर्षांचं पोर एकटं गेलं तरी रेटिंगच्या नियमाने त्याला अडवता येत नाही, बऱ्याच जणांना हे खरंच वाटत नाही), ऑस्ट्रेलियातलं एम तसंच, आणि भारतातलं यूए तसंच.

दुसरा प्रकार सोबत असेल तर चालेल. अमेरिकेतलं आर हे याचं सगळ्यात फेमस उदाहरण, 17 पूर्ण नसतील तर आईवडील किंवा पालक म्हणून मोठं माणूस सोबत पाहिजे. ऑस्ट्रेलियात एमए15+ म्हणजे पंधराच्या आतल्यांनी पालकासोबतच यायचं आणि तिथे पालकाने तिकीट काढून देऊन निघून जाणं चालत नाही, पूर्ण पिक्चर सोबत बसायचं. ब्रिटनमधलं 12ए आणि आयर्लंडमधलं 12ए, 15ए याच गटातले, त्या आकड्याच्या शेवटी जो ए आहे तो सोबतीच्या मोठ्या माणसाचाच.

तिसरा प्रकार म्हणजे बंद. आई असो, बाबा असोत, आजोबा असोत, काही उपयोग नाही. ब्रिटनमधलं 15 आणि 18, भारतातलं ए, जपानमधलं आर15+ आणि आर18+, सिंगापूरमधलं एनसी16, एम18 आणि आर21 (हो, एकवीस!), अमेरिकेतलं एनसी-17. या शेवटच्यात अजून एक गंमत आहे, नाव 17 पण आत जायला 18 पूर्ण लागतात, कारण 1990 मध्ये ते आलं तेव्हा सतराच्या आतल्यांना बंदी होती आणि 1996 मध्ये शब्द बदलून "सतरा आणि त्याखालचे कोणीच नाही" असं केलं.

आता लोक चुकतात कुठे, तर इंटरनेटवरची बहुतेक माहिती अमेरिकन असते त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात आरचा नियम फिट बसलेला असतो, की आई सोबत आली की झालं. तोच नियम घेऊन माणूस दुसऱ्या देशातल्या थिएटरवर जातो आणि मग "अहो मी वडील आहे ना, माझी परमिशन आहे" असं गेटवर वाद घालत बसतो. ब्रिटनमध्ये 15 रेटिंगच्या पिक्चरला चौदा वर्षांच्या मुलीला तिचे वडील स्वतः घेऊन आले तरी थिएटरवाला आत सोडू शकत नाही, त्याचं लायसन हा नियम पाळण्यावर अवलंबून असतं. तिथे परमिशन देणारे वडील नसतातच मुळी.

उलट टोकाला डेन्मार्क. तिथे 7, 11 आणि 15 अशी वयं आहेत पण सात वर्षं पूर्ण झालेलं मूल मोठ्या माणसासोबत कुठलाही पिक्चर बघू शकतं, 15 वालासुद्धा. नॉर्वेत पालक सोबत असतील तर मर्यादा तीन वर्षांनी खाली येते, म्हणजे 15 च्या पिक्चरला बारा वर्षांचं मूल चालतं, पण 18 ला ही सूट नाही. शेजारच्या स्वीडनमध्ये सगळ्यात वरचं रेटिंगच 15 आहे, त्याच्या वर काही नाहीच. तीन शेजारी देश, तिघांचं तीन तऱ्हेचं, त्यामुळे "बाहेरच्या देशांत असं असतं" हे वाक्य कोणी टाकलं की लगेच विचारायचं, कुठल्या?

जर्मनीत तर घड्याळही मध्ये येतं. 0, 6, 12, 16, 18 अशी त्यांची वयं, 12 च्या पिक्चरला सहाच्या वरचं मूल आईवडिलांसोबत जाऊ शकतं, 16 ला आणि 18 ला तशी सोय नाही. शिवाय मुलं एकटी आली असतील तर चौदाच्या आतल्यांचा शो रात्री 8 पर्यंत संपला पाहिजे, सोळाच्या आतल्यांचा 10 पर्यंत, अठराच्या आतल्यांचा 12 पर्यंत. म्हणजे पिक्चर वयाला योग्य असूनही शो उशिराचा म्हणून परत पाठवू शकतात. शोची वेळ बघायची सवय लावून घ्या, पिक्चर हल्ली तीन तासांचे असतात.

भारतातलं थोडं सविस्तर

कारण इथे मधेच नियम बदलले आणि जुनी माहिती अजून फिरतीय. सिनेमॅटोग्राफ ॲक्ट 1952 चा, त्यात बरीच वर्षं दोनच सर्टिफिकेटं होती, यू म्हणजे सगळ्यांसाठी आणि ए म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. 1983 पासून यूए आलं आणि एस आलं (एस म्हणजे ठराविक लोकांसाठी, उदाहरणार्थ डॉक्टरांसाठीची फिल्म, आपला त्याच्याशी संबंध येत नाही). यूएचा अर्थ होता की बाराच्या आतल्यांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघावं. मग 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 2024 मध्ये नवीन नियम आले आणि यूएचे तीन तुकडे झाले: यूए 7+, यूए 13+, यूए 16+.

आता महत्त्वाचं. हे 7, 13, 16 आकडे आईवडिलांसाठी आहेत, गेटवाल्यासाठी नाहीत. यूए 16+ च्या पिक्चरला चौदा वर्षांचा मुलगा गेला तर नियम म्हणून त्याला अडवायचं कारण नाही, त्याला पाठवायचं की नाही हे घरी ठरायला पाहिजे. ए म्हणजे मात्र अठरा पूर्ण, बाकी कसलीही सूट नाही, आणि अठराच्या आतल्याला ए पिक्चर दाखवला तर कायद्याने गुन्हा दाखवणाऱ्याचा होतो, म्हणजे थिएटरचा. गेटवरचा माणूस अडून बसतो ते त्यामुळे. त्याला तुमच्या पोराच्या संस्कारांची काळजी लागलेली नसते, आणि लागायची गरजही नाही.

मला स्वतःला हे तीन तुकडे करणं आवडलं. आधी यूएमध्ये काहीही यायचं, हलकीफुलकी कॉमेडी पण यूए आणि अर्धा पिक्चर रक्ताने भरलेला असला तरी यूए, त्यातून काही कळायचंच नाही. आता निदान 7+ आणि 16+ मधला फरक दिसतो. फक्त लोकांनी तो बघायला पाहिजे.

अमेरिकेत हा कायदा नाहीये

हे कळल्यावर बरेच जण चाट पडतात. अमेरिकेतलं रेटिंग सरकार देत नाही आणि ते मोडलं म्हणून पोलिसही येत नाहीत. 1 नोव्हेंबर 1968 ला तिथल्या फिल्म इंडस्ट्रीने स्वतःच ही पद्धत सुरू केली, सरकारने येऊन सेन्सॉर लावण्यापेक्षा आपणच लावलेलं बरं या हिशोबाने. थिएटरं ते पाळतात ती त्यांची पॉलिसी म्हणून. सुरुवातीला आरची मर्यादा 16 होती, 1970 मध्ये 17 केली. पीजी-13 तर 1984 मध्ये आलं, त्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्गशी संबंधित दोन पीजी पिक्चर्सवर आईबापांनी ओरड केली की हे लहान पोरांना दाखवायचं का, आणि मग मधली एक पायरी काढा असं स्पीलबर्गनेच सुचवलं. पिक्चर बघून रेटिंग देणारे लोकही तिथे आईबापच असतात, बोर्डावर येताना त्यांच्या घरात वाढत्या वयाची मुलं असावी लागतात.

कायदा नसल्यामुळे एक छान गोष्ट झाली होती. 2018 मध्ये 'एथ ग्रेड' नावाचा पिक्चर आला, आठवीतल्या मुलीची गोष्ट, आणि त्यालाच आर मिळालं, म्हणजे जिच्या वयाची गोष्ट आहे ती मुलगी एकटी जाऊन बघू शकत नाही. तर पिक्चरवाल्यांनी ऑगस्टमध्ये एक रात्र ठरवून अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत फुकट शो ठेवले आणि जाहीर केलं की आज रेटिंग लागू नाही, या. ब्रिटनमध्ये किंवा भारतात डिस्ट्रिब्युटरने स्वतःच्या मनाने असं करायचं म्हटलं तर जमणार नाही.

ब्रिटनमध्ये अजून वेगळंच. तिथे बीबीएफसी नावाचं बोर्ड 1912 पासून आहे, पण थिएटरच्या बाबतीत शेवटचा शब्द लोकल काउन्सिलचा (आपल्या नगरपालिकेसारखं) असतो, त्यांना पटलं नाही तर ते आपल्या हद्दीत रेटिंग बदलू शकतात. 2002 मध्ये 'स्पायडर-मॅन'ला 12 मिळालं, तेव्हा 12 म्हणजे कडक बंद होतं, आणि लहान पोरांची रडारड झाल्यावर काही काउन्सिल्सनी आपल्यापुरतं ते सैल केलं. त्याच वर्षी बोर्डाने 12ए आणलं. तर हे आकडे आभाळातून पडलेले नसतात, माणसं भांडून बदलून घेतात.

आता खरं काम: कारणाची ओळ वाचा

तुम्ही यातलं एकच काही करणार असाल तर हे करा. बऱ्याच देशांत रेटिंगच्या खाली किंवा बोर्डाच्या वेबसाइटवर एक छोटी ओळ असते की हे रेटिंग कशामुळे मिळालं. अमेरिकेत आरच्या पिक्चर्सना 1990 पासून ही ओळ देतात. ब्रिटनचं बोर्ड तर आख्खा परिच्छेद लिहितं, हिंसा कशी, शिव्या किती, काय काय दिसतं, आणि तो वाचला की पिक्चरची अर्धी कल्पना येते (स्पॉइलरचा त्रास असेल तर जपून). नेदरलँड्समध्ये वाचायचीही गरज नाही, चित्रंच असतात, मूठ म्हणजे मारामारी, कोळी म्हणजे भीती, असं.

अक्षर एकच असलं तरी आतली कारणं जमीन-अस्मानाएवढी वेगळी असतात. 'द किंग्ज स्पीच' आठवतोय का, तोतरं बोलणाऱ्या राजाची गोष्ट. त्याला अमेरिकेत आर मिळालं, कशासाठी, तर उपचार चालू असताना राजा एका सीनमध्ये धडाधड शिव्या देतो म्हणून. रक्त नाही, नागडेपणा नाही. अमेरिकेत नियम असाय की ती एक ठराविक जोरदार शिवी एकदा आली तर पीजी-13 मध्ये बसते, एकापेक्षा जास्त वेळा आली की साधारण आर. ब्रिटनमध्ये त्याच पिक्चरला आधी 15 दिलं आणि अपील केल्यावर 12ए केलं. म्हणजे अमेरिकेत हा पिक्चर आणि माणसं करवतीने कापण्याचा पिक्चर दोन्ही एकाच अक्षराखाली. तुमच्या पोराला यातला कुठला बघायचाय हे त्या अक्षरावरून कळत नाही, ओळीवरून कळतं.

याहून डोक्यात जाणारा किस्सा 'बुली' या डॉक्युमेंटरीचा. शाळेत मुलांना होणाऱ्या छळावरची फिल्म, त्यात खरी मुलं खऱ्या शिव्या देतात म्हणून 2012 मध्ये आर. ज्यांच्यावर बेतते त्या मुलांनीच एकट्याने बघायची नाही! एका शाळकरी मुलीने ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, लाखो सह्या झाल्या, पिक्चरवाल्यांनी आधी रेटिंगशिवायच रिलीज केला आणि नंतर काही शिव्या कमी करून पीजी-13 घेतलं.

आणि देशादेशात फरक किती पडतो ते बघायचं तर 2019 चा 'जोकर'. अमेरिकेत आर, ब्रिटनमध्ये 15, जर्मनीत 16, भारतात ए, फ्रान्समध्ये 12 च्या आतल्यांना बंदी आणि सोबत एक इशारा. पिक्चर तोच. तेरा वर्षांचा फ्रेंच मुलगा एकटा जाऊन बघतो आणि सतरा वर्षांचा भारतीय मुलगा आईसोबतही बघू शकत नाही. यात कोण बरोबर हे मी सांगणार नाही, पण एका देशाचं रेटिंग पटत नसेल तर दुसऱ्या दोन-तीन बोर्डांनी काय लिहिलंय ते बघा. मारामारीबाबत कोण कडक, शिव्यांबाबत कोण, नागडेपणाबाबत कोण हे हळूहळू लक्षात येतं.

ओळ वाचताना नामापेक्षा विशेषणाकडे लक्ष द्या. व्हायोलन्स प्रत्येक ॲक्शन पिक्चरला लिहिलेलं असतं, त्याच्या आधी काय आहे ते बघायचं. सम किंवा ब्रीफ म्हणजे थोडंसं, येऊन जातं. स्ट्राँग म्हणजे खरंच अंगावर येणारं. ग्राफिक म्हणजे कॅमेरा तोंड फिरवत नाही, सगळं दाखवतो. परव्हेसिव्ह म्हणजे पिक्चरभर चालूच. आणि थीमॅटिक एलिमेंट्स असं गुळगुळीत काहीतरी लिहिलं असेल तर विषय जड आहे असं समजा, मृत्यू, आजारपण, आत्महत्या, घरातला छळ वगैरे, अशा वेळी अजून शोधा, कारण तोफगोळ्यांपेक्षा हे काही मुलांना जास्त लागतं. सेक्शुअल व्हायोलन्स लिहिलं असेल तर मी तरी आधी स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, रेटिंग काहीही असो.

पोरांनो, तुमच्यासाठी

"सगळे जातायत" हे वाक्य सोडून द्या, ते कुठल्याच घरात चालत नाही. आईबाबांसमोर जाताना आधी स्वतः बघून जा की रेटिंग कुठल्या प्रकारचंय. सल्ल्याचं असेल तर परवानगी त्यांच्याच हातात आहे, मग कारणाची ओळ दाखवा आणि सांगा की हे आहे, मला याचा त्रास होणार नाही किंवा झाला तर मी बाहेर येईन. सोबतीचं असेल तर विचारा की तुम्ही येता का, आणि सोबत बसायला नको वाटत असेल (समजू शकतो) तर मागच्या रांगेतलं तिकीट काढा म्हणावं, पण आधी थिएटरला विचारा शेजारी बसलं पाहिजे का, प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि बंदवालं असेल तर त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, नियम त्यांनी केलेला नाही. तिथे तो पिक्चर पुढे घरी बघायचा का एवढाच प्रश्न उरतो.

आईबाबांसाठी एक गोष्ट, जी फारशी कोणी बोलत नाही. तुम्ही तुमच्या पोरासोबत त्याचे चार मित्र घेऊन निघालात तर त्या चौघांचे निर्णय तुम्ही नाही घेऊ शकत. त्यांच्या घरी फोन करा, पिक्चरचं नाव सांगा, रेटिंग सांगा, कारण सांगा, मग न्या. "मुलांना पिक्चरला नेतोय" एवढंच सांगून कोणाच्या तेरा वर्षांच्या मुलीला आर पिक्चरला नेऊन बसवलं की मैत्र्या तुटतात. आणि धाकटं भावंड सोबत आहे का तेही बघा, सोळा वर्षांच्या ताईला चालणारं नऊ वर्षांच्या भावाला चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या काही मोठ्या थिएटर चेन्स तर सहाच्या आतल्या मुलांना संध्याकाळी सहानंतर आर पिक्चरला घेतच नाहीत, आईबाप सोबत असले तरी.

हो म्हणायचं की नाही ठरवताना वयापेक्षा ते मूल कसंय ते बघा. काही पोरं सतरा वर्षांची होऊनही भुताचा पिक्चर बघितल्यावर आठवडाभर दिवा लावून झोपतात आणि काही तेरा वर्षांची युद्धाचा पिक्चर शांतपणे बघून नंतर चांगले प्रश्न विचारतात. नाही म्हणत असाल तर कारण सांगा, आणि कारण रेटिंग नको, पिक्चरमधलं काय ते सांगा. "ए आहे म्हणून नाही" हे ऐकल्यावर कुठलंही पोर मित्राच्या फोनवर तोच पिक्चर बघणार.

गेटवर

ऑनलाइन तिकीट निघालं म्हणजे एंट्री मिळाली असं नसतं. बुकिंग करताना ॲप बहुतेक वेळा "सगळे अठराच्या वरचे आहेत ना" असं विचारून एक टिक मारून घेतं आणि पुढे जातं, खरं चेकिंग गेटवर असतं. तिथे जन्मतारीख असलेलं फोटो आयडी लागतं. कॉलेजच्या कार्डावर जन्मतारीख नसेल तर त्याचा उपयोग नाही, फोनमधला फोटो काही ठिकाणी चालतो काही ठिकाणी नाही, ओरिजिनल ठेवलेलं बरं. वय शोच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे आजच अठरा झाले असतील तर खुशाल जा, उद्या होणार असतील तर उद्याचं तिकीट काढा. आणि हे एकोणीस-वीस वर्षांच्या पण दिसायला लहान असलेल्यांनाही लागू, तुम्ही खरंच मोठे आहात हे गेटवरच्या माणसाला चेहऱ्यावरून कसं कळणार, आयडी नाही म्हणून परत पाठवलं तर त्याचं चुकलं नाही. ग्रुपमध्ये एकाचं जरी वय कमी असेल तर बाकीच्यांनी काय करायचं हे घरून निघतानाच ठरवा, नाहीतर त्या एकट्याला बाहेर सोडून बाकीचे आत जातात आणि ते फार वाईट दिसतं.

आता घुसण्याबद्दल. लहानांच्या पिक्चरचं तिकीट काढून दुसऱ्या स्क्रीनमध्ये शिरणं, मोठ्या भावाचं आयडी दाखवणं, रांगेतल्या अनोळखी काकांना "आमचं पण काढा ना" म्हणणं, हे सगळं थिएटरवाल्यांना तुमच्या आधीपासून माहितीय. म्हणूनच तर हॉलच्या दारावर परत तिकीट बघतात आणि सोबतीचं मोठं माणूस आत बसलंय का तेही काही ठिकाणी बघतात. खोटं नाही बोलत, अमेरिकेत सरकारच्या ट्रेड कमिशनने 13 ते 16 वयाची मुलं मुद्दाम एकटी पाठवून चाचणी घेतली होती, 2000 च्या रिपोर्टमध्ये 46 टक्के वेळा आरचं तिकीट मिळालं, 2013 मध्ये ते 24 टक्क्यांवर आलं. म्हणजे चारातला एक तेव्हाही सुटतच होता. पण बाकीचे तीन बघा ना. पकडल्यावर साधारण बाहेर काढतात, पैसे जातात आणि मित्रांसमोर शोभा होते, एवढ्यावर निभावतं. दुसऱ्याचं किंवा खाडाखोड केलेलं आयडी दाखवलं तर मात्र विषय पिक्चरचा राहत नाही, बऱ्याच देशांत तो वेगळा गुन्हा आहे आणि ज्याचं आयडी आहे तो भाऊही त्यात सापडतो. दोन तासांच्या पिक्चरसाठी असलं काही करू नका. शिवाय दारात उभा असलेला पोरगा बऱ्याचदा तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असतो आणि तुम्हाला सोडलं म्हणून त्याची नोकरी जाऊ शकते, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

घरी बघायचं असेल तर

थिएटरचं दार घरात नसतं, त्यामुळे ते काम सेटिंग्जला करावं लागतं. स्ट्रीमिंगवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा, मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावा आणि स्वतःच्या प्रोफाइलला पिन लावा, हा दुसरा भाग लोक विसरतात आणि पोरं सरळ बाबांच्या प्रोफाइलमधून बघतात. पिन जन्मतारखेचा नको, तो पहिल्या मिनिटात ओळखतात. भारतात 2021 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन प्लॅटफॉर्मनीही यू, यूए 7+, 13+, 16+ आणि ए असं लिहायचं असतं, 13+ आणि त्यापुढच्याला पॅरेंटल लॉकची सोय द्यायची असते आणि एसाठी वय तपासायची. म्हणजे लॉक आहे, चालू तुम्ही करायचाय.

एक लक्षात ठेवा, थिएटरमध्ये आलेला आणि घरी दिसणारा पिक्चर एकच असेल असं नाही. काही पिक्चर्सची अनरेटेड किंवा एक्स्टेंडेड व्हर्जन असते, त्यात थिएटरसाठी कापलेलं परत जोडलेलं असतं. थिएटरचं रेटिंग वाचून हो म्हणाला असाल तर समोर कुठली व्हर्जन चालू आहे ते बघा.

गेटवर अडवलंच तर

वाद घालू नका, विशेषतः मागे रांग असताना. बाजूला होऊन मॅनेजरला विचारा की दुसऱ्या पिक्चरचं तिकीट बदलून मिळेल का, शो सुरू व्हायच्या आत विचारलं तर कधीकधी करून देतात. रिफंडचं मात्र प्रत्येक थिएटरचं वेगळं असतं आणि बऱ्याच ठिकाणी तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं की वयामुळे प्रवेश नाकारला तर पैसे परत नाहीत, त्यामुळे शंका असेल तर तिकीट काढायच्या आधीच थिएटरला फोन करून दोन प्रश्न विचारा: या पिक्चरला कमीत कमी वय किती, आणि सोबत मोठं माणूस असेल तर चालतं का.